पिकअप उंच करण्याआधी: खान्देशातल्या वाटांसाठी पाटे, शॉकअप आणि ॲक्सलचं काम

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पिकअप बांधापर्यंत जाते, उन्हाळ्यात तापीच्या वाळूत उतरते. तळोदा-अक्कलकुव्याकडची गाडी चांदसैली नाही तर देवगोईचा घाट चढून धडगाव-मोलगीच्या पाड्यांपर्यंत माल पोचवते. कामं वेगळी, पण गॅरेजात आल्यावर दोन्ही मालकांची मागणी एकच असते: गाडी उंच करून द्या. आणि पाटेवाल्याचं उत्तरही ठरलेलं: "भाऊ, दोन पाटा टाकी देस, काम व्हई जाई."

पाटे, म्हणजे ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, टाकून गाडी उंच होते यात शंका नाही. पण मागच्या ॲक्सलचा (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) गोळा, म्हणजे डिफरन्शियलचं हौसिंग, जमिनीपासून होतं तेवढ्याच अंतरावर राहतं. पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी), ब्लॉक (पाटा आणि ॲक्सल यांच्यातला ठोकळा) यांनी चेसिस आणि बॉडी वर जाते. ॲक्सल टायरवर उभा असतो, त्यामुळे तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला ज्याचा गोळा घासतो त्याने पाट्यांवर केलेला खर्च त्या तक्रारीपुरता वाया गेला. बंपर, फूटबोर्ड किंवा डिझेलची टाकी टेकत असेल तर मात्र थोडी उंची उपयोगी पडते. म्हणून नेमकं काय टेकतं हे आधी गाडीखाली शिरून बघा. ओरखडे कुठे आहेत ते गाडीच सांगते.

माझं मत सरळ आहे. खान्देशातल्या कामाच्या पिकअपला ४० ते ५० मिलिमीटरपेक्षा जास्त लिफ्टची गरज पडत नाही, आणि निम्म्या गाड्यांना तेवढीही लागत नाही. चारही चाकं जमिनीला धरून राहिली, ब्रेक सरळ लागला आणि ॲक्सलमध्ये पाणी गेलं नाही, तर गाडी जिथे जायची तिथे जाते. पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

कागदाचं आधी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेले पाटे, बुश (सांध्यातली रबरी नळी), शॉकअप कंपनीच्या मापाचे घालणं ही दुरुस्ती झाली. ॲक्सल बदलणं, चेसिसवर वेल्डिंग करणं, चाकं बॉडीबाहेर काढणं हे दुसऱ्या टोकाचं. मधल्या कामांसाठी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच १९ (जळगाव), १८ (धुळे) किंवा ३९ (नंदुरबार) च्या कार्यालयात, काम करण्याआधी विचारून घ्या. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, हेही ध्यानात असू द्या.

अजून एक. पाटे वाढवले म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. शिवाय जादा वजन पाट्यांनी पेललं तरी हबची बेअरिंग, ॲक्सल शाफ्ट आणि ब्रेक पूर्वीचेच असतात.

मोजमाप

सपाट काँक्रीटवर गाडी उभी करा. जिनिंगच्या आवारात नाही तर पेट्रोल पंपावर अशी जागा सापडते. टायरमध्ये हवा नेहमीची भरा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजला की ते माप बदलतं. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरच्या आसपास फरक असेल तर चालतं. २५ असेल तर पाटा बसला आहे किंवा तुटला आहे.

मग भुईकाटा गाठा. आधी पूर्ण गाडीचं वजन करा, नंतर पुढची चाकं काट्याबाहेर नेऊन फक्त मागच्यांचं. रिकाम्या आणि रोजच्या भरलेल्या गाडीचं, असं दोन्ही वेळा. मागच्या ॲक्सलवर नेमकं किती वजन येतं ते कळल्याशिवाय किती पाटे लागतील हे कुणीही सांगू शकत नाही. सांगत असेल तर तो अंदाज आहे.

शेवटचं माप पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. यात फरक आला तर ॲक्सल सरकलेला आहे. बहुतेकदा पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटलेला असतो, आणि अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते.

नवीन घालण्याआधी जुनं तपासा

मागच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका.

पुढचं चाक वर आणि खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ती थांबली तर हबची बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, गेला आहे. डावी-उजवीकडे धरून हललं तर स्टेअरिंगच्या टाय रॉडचे एंड बघा. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल वळणातले) आणि शॅकलचे बुश टॉमीने (लोखंडी दांडीने) उचकून बघा. रबर फाटून लोखंडाला लोखंड लागलं असेल तर गाडी खड्ड्यात ठक्क वाजते, आणि मालक शॉकअपला शिव्या देतो.

मी पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांची अर्धी तक्रार बुश, शॅकल पिन आणि यू-बोल्टच्या (पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) कामातच मिटली. त्यानंतर गाडी चार दिवस चालवा, मगच पुढचा खर्च ठरवा.

पाटे

पाट्यांचा जोर जाडीवर आणि संख्येवर अवलंबून असतो, पण दोन्हीचा हिशेब सारखा नाही. ८ मिलिमीटरच्या सात पाट्यांत त्याच जाडीचा आठवा पूर्ण लांबीचा पाटा घातला तर जोर साधारण एक सप्तमांशाने, म्हणजे १४ टक्क्यांनी वाढतो. तेच सातही पाटे १० मिलिमीटरचे घातले तर जोर जवळपास दुप्पट होतो, कारण जाडीचा घन धरावा लागतो. दोनच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही, आणि रिकामी गाडी मात्र पांढऱ्या रस्त्यावर उड्या मारायला लागते. मागचं चाक उडालं की पकड जाते, आणि घाटात उतरताना ब्रेक दाबला तर मागून गाडी वळते. रिकाम्या पिकअपचं हेच खरं दुखणं आहे. जाड पाट्यांनी ते वाढतं.

म्हणून रोज जास्तीत जास्त वजन नेणारी गाडी असेल तरच मुख्य पाटे जड करा. एरवी मुख्य पाटे मऊ ठेवून खाली हेल्पर पाटा घ्यावा. रिकाम्या गाडीत तो टेकत नाही, भरल्यावर गाडी बसली की कामाला लागतो. केळीची गाडी जाताना रिकामी आणि येताना भरलेली असते. तिला हीच रचना मानवते.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देता येते, पण ती कशी देतात हे उभं राहून बघा. पाटा स्प्रिंग स्टीलचा असतो, ईएन ४५ किंवा ६५ एसआय ७ जातीचा. भट्टीत तापवून कमान दिली, तेलात विझवून कडक केला आणि पुन्हा ठरावीक तापमानाला टेम्पर केला, तर तो टिकतो. गॅसकटरच्या ज्योतीने मधेच लाल करून ठोकला असेल तर त्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. महिन्या-दोन महिन्यांत पाटा पुन्हा बसतो किंवा तिथेच तुटतो. थंड अवस्थेत प्रेसवर दिलेली कमान त्यापेक्षा बरी, पण जुना थकलेला पाटा तीही फार काळ धरत नाही. मुख्य पाट्याला, म्हणजे ज्याला डोळे असतात त्याला, चीर दिसली तर दुरुस्तीचा विचारही नको. पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही.

उंचीसाठी लोक लांब शॅकल घालतात. शॅकल ५० मिलिमीटरने लांब केला तर ॲक्सलच्या जागी उंची निम्मीच, साधारण २५ मिलिमीटर वाढते, आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये जोर नेणाऱ्या दातचक्राचा) कोन फिरतो तो वेगळाच. पुढे पाटे असलेल्या काही गाड्यांत शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टेअरिंग भरकटायला लागतं. ब्लॉक फक्त मागे आणि एकच वापरा. ठोकळ्यावर ठोकळा नको. पुढच्या ॲक्सलवर ब्लॉक अजिबात नको, कारण ब्रेक मारताना तिथे सगळा पीळ येतो आणि ठोकळा सुटला तर स्टेअरिंगच हातातून जातं.

बसवताना

इथे बहुतेक काम बिघडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

यू-बोल्ट नवेच घ्या. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा ताण धरत नाही. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या पॅडवरच्या भोकात नीट बसलं आहे हे बोट फिरवून खात्री करा. ते बाहेर राहिलं तर सगळा भार यू-बोल्टवर येतो. चारही नट तिरप्या क्रमाने, थोडे-थोडे आवळा. प्लेटखाली बाहेर आलेले आटे चारही बाजूंना सारखे दिसले पाहिजेत. शेवटचा आवळा टॉर्क रेंचने, कंपनीच्या मापाला. पाइप लावून लटकण्याची पद्धत आपल्याकडे आवडती आहे, पण त्याने आटे ताणतात.

आता शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट. गाडी घोडीवर असताना ते फक्त हाताने आवळून ठेवा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, मागून-पुढून चार वेळा दाबून हलवा आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना हे बोल्ट पूर्ण आवळा. रबर बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि पाटा हलला की रबरच पिळतं. चाक लटकत असताना बोल्ट जखडला तर गाडी खाली येताच रबर आधीच पूर्ण पिळलेलं असतं. ते काही महिन्यांत फाटतं आणि तोवर गाडी खोटी उंची दाखवते. नवे बुश टिकत नाहीत ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी कंपनीला दोष देण्याआधी बोल्ट कधी आवळले ते आठवावं. पॉलियुरेथेनच्या बुशला हा नियम तितका लागू नाही, पण आपल्या फुफाट्यात ते ग्रीसविना कुरकुरतात.

शॉकअप

शॉकअप गाडी उचलत नाही. पाट्यांची उसळी जिरवणं एवढंच त्याचं काम. लिफ्ट केल्यावर मात्र त्याची लांबी जुळवावी लागते. चेसिसखाली घोडी लावून चाक पूर्ण लटकवा आणि वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. मग ॲक्सल जॅकने उचलून बंप स्टॉपरला (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्याला) टेकवा आणि पुन्हा मोजा. नवा शॉकअप उघडल्यावर पहिल्या मापापेक्षा आणि मिटल्यावर दुसऱ्या मापापेक्षा दोन्हीकडे किमान २० मिलिमीटर मोकळा असायला हवा. नाहीतर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात तो आतून ठोकला जातो. जोडीनेच बदला.

ॲक्सल: खर्च कमी, फायदा जास्त

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे ब्रीदरचा, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर होण्याच्या वाटेचा, पाइप. चालून ॲक्सल तापतो. ओढ्यात उतरला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ती ओढ ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचते. हौसिंगवरची छोटी ब्रीदरची टोपी चिखलाने बुजलेली असेल तर हे हमखास होतं. टोपीच्या जागी नळी जोडून ती चेसिसवरून वर, मागच्या दिव्याच्या उंचीपर्यंत न्या, टोक खाली वळवा आणि चाक लटकलं तरी नळी ताणणार नाही एवढी सैल ठेवा. फोर बाय फोर असेल तर पुढच्या ॲक्सलचा आणि ट्रान्सफर केसचा (दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीचा) ब्रीदरही तसाच करा.

पावसाळ्यात नाले ओलांडले असतील तर ड्रेन बोल्ट सैल करून दोन थेंब ऑइल काढा. दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला. ग्रेड कंपनी सांगेल तीच. क्राउन-पिनियनला, म्हणजे डिफरन्शियलच्या दातचक्रांच्या जोडीला, सहसा जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल लागतं. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी रचना) असेल तर तिच्यासाठीचं ऑइल वेगळं असतं, साधं घातलं की तिच्या प्लेटा कुरकुरतात. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळा मुलामा दिसला तर ठीक. चकचकीत तुकडे दिसले तर हौसिंग उघडायला लावा.

क्राउन-पिनियनचं गुणोत्तर बदलायचं मनात असेल तर फोर बाय फोरमध्ये पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच बदलावं लागतं. वेगळं राहिलं तर फोर-एच (चारही चाकांना जोर) लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि कमजोर भाग तुटतो. त्याच कारणाने पार्ट-टाइम फोर बाय फोर डांबरावर लावू नये. फोर बाय टू गाडीला चिखलात मागच्या डिफरन्शियलच्या लॉकरचा (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचा) उपयोग उंचीपेक्षा कितीतरी जास्त होतो, पण तो त्याच हौसिंगसाठी बनलेला असावा आणि बसवणाऱ्याकडे बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजायचा डायल गेज असावा. गेज नसेल तर उठून दुसरीकडे जा.

पुढचा भाग

पुढे काय आहे ते मॉडेलप्रमाणे बदलतं. काहींना पाट्यांवरचा सरळ ॲक्सल असतो. इसुझू व्ही-क्रॉससारख्यांना कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन. काहींना टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. टॉर्शन बारचा बोल्ट फिरवला की उंची फुकटात मिळते, पण बारचा जोर तोच राहतो आणि चाकाचा खाली जाण्याचा प्रवास कमी होतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ५० मिलिमीटरच्या वर गेलं की सीव्ही जॉइंट (चाकाला जोर देणारा सांधा) आणि बॉल जॉइंट वाकड्या कोनात चालतात, त्यांवरचे रबरी बूट फाटतात, आणि फाटक्या बुटात काळी माती शिरली की जॉइंट गेलाच. सरळ ॲक्सलमध्ये कॅस्टर परत आणण्यासाठी लोखंडी पाचर घालतात. ॲल्युमिनियमची नको, ती चेंगरते. अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका.

ब्रेक आणि प्रोपेलर शाफ्ट

बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलवरून चेसिसकडे जाणारी एक बारीक दांडी असते. ती एलएसपीव्ही नावाच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी भरून खाली बसली की हा व्हॉल्व्ह मागे ब्रेकचं प्रेशर वाढवतो, रिकामी असली की कमी करतो. आता गाडी ५० मिलिमीटर उंच केलीत. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक अर्धवट लागतो. लळिंगच्या उतारावर मागे माल भरून हे कळणं महागात पडेल. लिफ्ट जेवढी केली तेवढाच दांडीचा ब्रॅकेट सरकवून व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला आणायची असते. हे काम पाटेवाल्याचं नाही, ब्रेकचं काम जाणणाऱ्याकडून करून घ्या. चाक पूर्ण लटकवून ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही हेही बघा.

प्रोपेलर शाफ्टसाठी (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्यासाठी) मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन मोजा. साध्या दोन क्रॉसच्या (सांध्यांच्या) शाफ्टमध्ये हे दोन्ही समांतर हवेत. मागे पाटे असतील तर पिनियन एखाद-दोन अंश खाली झुकलेला चालतो, कारण जोर लावला की तो वर उचलला जातो. फरक जास्त असेल तर वेग वाढताच सीटखाली थरथर जाणवते आणि क्रॉस लवकर जातात. मध्ये बेअरिंग असलेल्या दोन तुकड्यांच्या शाफ्टला पहिला तुकडाही तपासा.

टायर

२४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६ घातला तर व्यास साधारण २८ मिलिमीटरने वाढतो आणि गोळा १४ मिलिमीटर वर जातो. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ वर असेल. स्टेअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक उचलून टायर कुठे घासतो ते पाहा, मगच पैसे द्या. स्पेसर (हब आणि चाक यांच्यातली चकती) टाळा, हबच्या बेअरिंगवर त्याचा भार येतो. धुळे-नंदुरबारकडच्या बेसाल्टच्या धारदार दगडांना टायरची बाजूची भिंत जाड हवी.

तापीच्या वाळूत रिकाम्या गाडीची हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली तर जी ओढ मिळते ती कुठल्याच लिफ्टने मिळत नाही. गाडीत पंप असू द्या, डांबरावर येताच हवा भरा. ओल्या काळ्या मातीला मात्र उपाय नाही. ती नक्षीत भरते आणि चाकाचा गोटा होतो, मड टायर असला तरी. वाफसा येईपर्यंत थांबा. पेरणीला थांबतो तसं गाडीलाही थांबावं लागतं.

चाचणी

पहिला दिवस रिकामी गाडी, मोकळी जागा, ४० च्या वेगाने जोरात ब्रेक. गाडी सरळ थांबली पाहिजे. मग मागचं एक चाक बांधावर चढवा आणि खाली वाकून शॉकअप, होज, टायर, एलएसपीव्हीची दांडी बघा. मग अर्धा माल, मग पूर्ण माल, आणि दोन्ही वेळा मडगार्डची मापं वहीत लिहा. घाट त्यानंतर.

यू-बोल्ट १०० किलोमीटरला पुन्हा आवळा, ५०० ला पुन्हा बघा. चाकाचे नटही. पाट्यांच्या थरात चिखल वाळू देऊ नका, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाण्याच्या प्रेशरने तिथेच धुवा, पण प्रेशरची तोटी हबच्या सीलवर आणि ब्रीदरवर धरू नका. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की ॲक्सलचं ऑइल तपासणं, हबचं ग्रीस बदलणं आणि वहीतली चारही मापं पुन्हा घेणं, एवढं करून घ्या. केळीच्या हंगामात गाडी गॅरेजात उभी करायला कुणालाच सवड नसते.